गायीला घातलेलं ताट

आई, माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, ते डॉक्टरीणबाईंनी पुढे ढकललं. रक्ताचा रिपोर्ट बघून त्या कुपोषण म्हणाल्या. भरल्या घरातल्या, पेन्शन खाणाऱ्या माणसाला. अंगात प्रोटीन नाही, वजन उतरलंय, अशात टाके घातले तर जखम लवकर भरत नाही, जंतूंशी लढायला शरीराला बळ उरत नाही आणि पू धरण्याची भीती असते, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग माझ्या सुनेकडे वळून विचारलं, "घर में इनका खाना कौन देखता है?"

"मैं ही देखती हूँ," म्हणून तिनं मान खाली घातली. मी शेजारीच बसलो होतो. गप्प राहिलो.

ती सिटी सेंटरच्या बँकेत जाते. निघण्याआधी माझं ताट झाकून ठेवते: पोळ्या, घट्ट वरण, भाजी, दह्याची वाटी. बायको गेल्यापासून ते ताट मी दुपारी फाटकाशी येणाऱ्या गायीला घालत आलो, आणि स्वतः चहात बिस्किटं बुडवून खात आलो. संध्याकाळी सुनेला सांगायचो, भाजी छान झाली होती. त्या दिवशी घरी पोचल्यावर मात्र राहवेना, सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "डॉक्टरांपुढे तुमची शोभा कशाला करायची?"

दुसऱ्या दिवसापासून ती जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन माझ्यासमोर बसायला लागली. वजन चढलं, ऑपरेशन झालं, जखम कोरडी राहिली.

टाके निघाले त्या दिवशी तू आठवलीस. ऑपरेशननंतर तुझी जखम चिघळली, ताप हटेना, आणि तू गेलीस. आम्ही डॉक्टरांना बोल लावला. नेमकं कशानं झालं ते आता कोण सांगणार? पण नया बाजारातलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून जात नाही. तू वाढते आहेस, मी आणखी एक पोळी मागतो, पानात टाकलं म्हणून तू रागावतेस. सगळे उठल्यावर पातेल्यात राहिलेलं घेऊन तू एकटीच बसतेस.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहितो. मला भूक लागत नव्हती असं नाही, एकट्यानं ताट घेऊन बसवत नव्हतं. तू जन्मभर तशीच जेवलीस, आणि तुझ्या ताटात काय असायचं ते मी एकदाही पाहिलं नाही.