माझी सर्दी

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

संगीताची दीड महिन्याची मुलगी दुपारपासून दवाखान्यात आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलीय. श्वास घेताना तिच्या बरगड्यांखाली खड्डा पडतो, तो डोळ्यांसमोरून जातच नाही.

संगीता आमच्याकडे स्वयंपाकाला येते. गेल्या आठवड्यात बाळाला घेऊन आली होती. मला तेव्हा सर्दी होती, नुसत्या शिंका आणि घशात खवखव. ती पोळ्या लाटत होती तोवर मी बाळाला मांडीवर घेतलं, पापे घेतले. तिने विचारलंही होतं, "ताई, तुमाला बरं नाय काय?" मी म्हणाले, "अगं, धुळीची ॲलर्जी आहे." बाळ सोडवत नव्हतं, म्हणून.

आज डॉक्टर म्हणाले, मोठ्यांना ज्याने साधी सर्दी होते, तोच विषाणू इतक्या लहान बाळाच्या छातीत उतरतो. मग विचारलं, "घरात कुणाला सर्दी होती?"

"आमच्यात कोनालाच नाय," संगीता म्हणाली.

मी शेजारीच उभी होते. गप्प. का? कशाची भीती वाटली मला? ती काय बोलणार होती? पुन्हा तो बरगड्यांखालचा खड्डा बघत राहिले. दोन-तीन दिवसांत उतार पडेल, असं डॉक्टर म्हणाले. तेवढं बरं.

निघताना संगीताला रडू फुटलं. "माजंच चुकलं ताई. वाऱ्यात बाहेर काडली तिला."

आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "असू दे गं. पुढच्या वेळी काळजी घे."