हार्ट नको, गुडघे लिही

३ जून

— आणि मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत बाबांनी संमतीपत्रावर सही केलीसुद्धा. व्यासराज पेनला टोपण लावत होता. माझा साहेब, माझ्याच घरात, माझ्या खुर्चीवर. तंजावरचा, बाबांशी ठेवणीतलं मराठी बोलतो. "रेल्वेचे पूल बांधलेत तुम्ही, सार! कूवम नदीवरचा पादचारी पूल म्हणजे खेळ." बाबा खुलले. निवृत्तीनंतर कोणी सार म्हटलं नव्हतं.

निविदेत टीम लीडर म्हणून बाबांचं नाव जाणार. सरकारी बांधकाम खातं सर्वांत जास्त गुण अनुभवाला देतं.

४ जून

बाबांना ठाऊक नाही ते इथे लिहिते. काम मिळालं की आमची फर्म अशा म्हाताऱ्यांना काढते. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं पत्र खात्याला जातं. त्यांच्या जागी कमी पगाराचा कोणीतरी येतो. खातं हरकत घेत नाही. ती पत्रं मी लिहिते. चांगली लिहिते — साहित्यात एम.ए. आहे!

७ जून

बाबांनी साइटवर घालायचे बूट आणले. मांबलम स्टेशनचा जिना रोज चढतात-उतरतात. "दम वाढवतोय." सगळं सांगायचं होतं. बुटांना नाड्या ओवून दिल्या.

१० जून

व्यासराजला म्हटलं, बाबांचं नाव काढा. हसला. "घरबसल्या दर महिना काहीतरी देईनच की. पूल थोडाच त्यांनी बांधायचाय?" मग हळूच, "तुम्हीच सांगा ना त्यांना. इथे बसून काय लिहिता, तेही सांगा."

डुक्कर.

१८ जून

खात्यात सादरीकरण. समिती बिस्किटं खात होती. अध्यक्षांनी विचारलं, साइटवर किती वेळा याल? बाबा म्हणाले, "रोज." व्यासराजने मान डोलावली. समितीने लिहून घेतलं. ते खरं की खोटं, त्या खोलीत बाबांखेरीज कोणालाच पडलेलं नव्हतं.

१ जुलै

काम आम्हांला. बाबांनी शेजारच्या त्रिपुरसुंदरी मामींना मैसूरपाक दिला. "या वयात ऑफिस कशाला हो?" "ऑफिस नाही, मामी. नदी!"

३ जुलै

उद्या सकाळी खात्याचे अभियंते साइटचा ताबा देणार. त्याआधी पत्र हवं. व्यासराज माझ्या टेबलाशी उभा. "हार्ट लिहा. हार्टला कोणी प्रश्न विचारत नाही. सर्टिफिकेट माझा डॉक्टर देईल. संध्याकाळपर्यंत वडिलांची सही आणा."

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. पत्रं मीच लिहिते, हेही. ते बूट पुसत होते. थांबले नाहीत.

"आणि सही नाही केली तर?"

"माझी नोकरी जाईल."

दुसरा बूट घेतला. तोही पुसला.

"हार्ट नको. गुडघे लिही."

व्यासराजला फोन केला. "गुडघे? चालतील!" लिहिलं — दोन्ही गुडघे निकामी, चढण चढणं अशक्य. बाबांनी वाचलं. "उतरणंही घाल." घातलं. त्यांनी सही केली. व्यासराजचा ड्रायव्हर येऊन पत्र घेऊन गेला. बाबा लवकर झोपले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

४ जुलै

सकाळी दाराशी बूट नव्हते. नाश्त्याच्या वेळी व्यासराजचा फोन, किंचाळत. बाबा साइटवर आहेत. सगळ्यांच्या देखत काठाचा उतार उतरून थेट पाण्यापर्यंत गेलेत. मोठा अभियंता एकदा हातातल्या पत्राकडे बघतोय, एकदा बाबांच्या पायांकडे. सर्टिफिकेट कोणत्या डॉक्टरचं, विचारतोय. "येऊन घेऊन जा त्यांना!"

मागे बाबांचा आवाज ऐकू येत होता. ते अभियंत्याला खाली बोलवत होते.