कोरडी चादर

आपा, तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं तरी झाली असतील. वॉर्डात आणि वर्गात आम्ही तुम्हाला सिस्टरच म्हणायचो. आपा म्हणायला तुम्ही मला सांगितलंत ते मी पास झाल्यावर. आज तोच शब्द लिहिते आहे. तो लिहायचा हक्क मला होता की नाही, हे पुढचं ऐकून तुम्हीच ठरवलं असतंत.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी यवतमाळला दवाखान्यात नर्सिंग शिकायला येऊन सहा महिने झाले होते. आमचं घर मारेगावकडचं. गावातल्या बाया आईला विचारायच्या, "लोकाईचं मूत काढाले काहून पाठवली वं पोरगी?" आणि खरं सांगायचं तर आमच्या बॅचच्या आठही मुलींच्या मनात तेच होतं. ताप बघायला, इंजेक्शनच्या सुया उकळायला आम्ही धावायचो. बायकांच्या वॉर्डातल्या खिडकीजवळच्या खाटेकडे मात्र कुणी वळत नव्हतं. तिथं एक म्हातारी होती. लकव्यानं तिचं उजवं अंग गेलेलं, लघवीवर ताबा नव्हता. दिवसातून पाच-सहादा ती ओली व्हायची. त्या उन्हात वास असा चिकटायचा की जेवताना हाताला यायचा. आम्ही तिला 'नळ' म्हणायचो, तिच्या देखत.

ती खाट तुम्ही मला नेमून दिलीत. पहिला आठवडा मी तिच्याशी एक शब्द न बोलता, नाक मुरडून रबराचं कापड पुसत होते. तुम्ही मागून येऊन म्हणालात, "तोंड धुवून ये अगोदर. तिले डोये आहेत, दिसते तिले सारं." मला ते फार लागलं. तुम्ही रोज सकाळी फेरीला यायचात, चादरीखाली हात घालून बघायचात, आणि ओली लागली की काही न बोलता पुढच्या खाटेकडे जायचात. त्या न बोलण्याचा मी धसका घेतला. तुम्ही एकदा मला चांगलं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी तिचा तांब्या स्टुलावरून उचलून खिडकीत ठेवला. तिचा चालता हात तिथवर पोहोचत नव्हता. ती म्हणायची, "बाई, पानी दे वं जरासं." मी म्हणायचे, "आत्ताच तर पेलीस, आजी." सकाळी दोन घोट, संध्याकाळी दोन घोट. तिसऱ्या दिवशी चादर कोरडी. तुम्ही हात घातलात, थांबलात, आणि सगळ्या मुलींना हाक मारलीत. "पाहा. हिनं घडीघडी बेडपॅन देलं, म्हनून कोरडी आहे. याले काम म्हनते." त्या दुपारी मी एक भाकर जास्त खाल्ली.

पाचव्या दिवशी म्हातारी बरळायला लागली. तुम्ही तिची जीभ पाहिलीत, लाकडासारखी कोरडी. हाताची कातडी चिमटीत धरलीत, तर ती सोडल्यावरही तशीच उभी राहिली. तुम्ही डॉक्टरांना बोलावून सलाईन लावलंत, मग चोचीच्या कपानं स्वतः घोट घोट पाणी पाजत बसलात. संध्याकाळी ती जरा शुद्धीवर आली तेव्हा मी पायथ्याशीच उभी होते. तुम्ही तिला विचारलंत, "आजी, पानी कोनं बंद केलं तुमचं?"

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. जीभ जड होती, पण शब्द कळले. "कोनंच नाही. मीच मांगत नोहती. पोरीले धुवा लागते."

मी पायथ्याची चादर खोचायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, "धुवाले आमी आहोत न, आजी," आणि कप पुन्हा तिच्या ओठांना लावलात.

दोन दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय होतं, लकवा होता. गाडीबैल घेऊन मुलगा न्यायला आला. सुनेनं माझे हात धरले. "बाई, तुमी लय केलं आमच्या बुढीचं." मी हात सोडवून घेतले नाहीत.

त्यानंतरच्या प्रत्येक बॅचला तुम्ही सांगत राहिलात, की असे पेशंट लाजेपोटी पाणी सोडतात, त्यांना विचारत जा. खरंच आहे ते. पुढे मी असे किती पेशंट पाहिले. पण तुम्ही ज्या म्हातारीवरून ते शिकलात, ती लाजली नव्हती. तिनं मागितलं होतं. पुसदला तुमच्या घरी मी दोनदा आले ती हेच सांगायला, आणि दोन्ही वेळा चहा घेऊन, तब्येतीचं विचारून परतले. तुमच्या भाचीचा पत्ता आहे माझ्याजवळ, पण हे तिनं कशाला वाचायचं? तेव्हा हे टपालात पडणार नाही.

एकच राहिलं. मीही पुढे वीस वर्षं मुलींना शिकवलं, आणि दर वर्षी ही गोष्ट तांब्यासकट सांगितली, "आमच्या बॅचची एक मुलगी होती," अशी सुरुवात करून. एकदा एकीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, त्या मुलीचं पुढं काय झालं?"

मी म्हणाले, "तिला काढून टाकलं."

"बरं झालं," ती म्हणाली. मी मान हलवली, आणि शिकवणं पुढे चालू ठेवलं.