अठरा मीटरचा गडगा

बेनिरोका,
रविवार, १९ नोव्हेंबर २०१७

प्रिय नॉर्मन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर पाहून हेझेल म्हणाली, "आधी खुर्चीवर बस, मग फोड." बसलो. गुडघे सोडले तर तू ठणठणीत आहेस, हे वाचून बरं वाटलं. मेंढ्या विकल्यास हे मात्र दोनदा वाचलं. आपल्या हाय गार्थच्या कुरणात मेंढरू नाही, हे डोळ्यांपुढे येत नाही.

आम्ही दोघं मजेत. तू लिहिलंयस, की हेझेलला या वयात इंग्रज डॉक्टर हवा. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये इथेच झालं. आता बाजाराचा चढ ती माझ्यापुढे चढते आणि वर पोचून माझी वाट बघत असल्याचं नाटक करते. इथली डॉक्टरीणबाई तिला नावाने ओळखते. मध्यंतरी पायात गोळे येतात असं सांगायचं सोडून हेझेलने तिला सांगितलं, की मला रात्री पायात माकुलं येतात. गोळे आणि माकुलं, म्हणजे ती समुद्रातली स्क्विड, हे दोन्ही शब्द स्पॅनिशमध्ये जवळजवळ सारखे. डॉक्टरीणबाईने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तळलेली की रश्शातली?" तेव्हापासून अख्खा दवाखाना हेझेलच्या माकुलांची चौकशी करतो.

तुझ्या समोरचं घर रिकामं झालंय, परत या, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर शेवटी देतो. अकरा वर्षांनी तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, याबद्दल आधी आभार. एडिथ होती तोवर नाताळला तिचं कार्ड यायचं. तिच्यानंतर तेही थांबलं. मीही लिहिलं नाही. अडतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं दारोदार पोचवली, पण स्वतःचं एक लिहायला हात धजला नाही.

"म्हातारा माणूस दिवसभर तिथे करतो तरी काय?" असं विचारलंयस. सांगतो. सकाळी सातला उठतो. चौकातल्या बारमध्ये कॉफी पितो. खाली समुद्रकाठी आपले इंग्रज लोक राहतात, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा तळलेले सॉसेज आणि अंडी खायला जातो, ते तिथल्या उन्हाला शिव्या देतात आणि घरच्या पावसालाही. मग परत वर येतो. डोंगरात. आणि गडगे घालतो.

बरोबर वाचलंस. दगडावर दगड, चुना नाही, सिमेंट नाही. मी.

तू हसला असशील. निघताना तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "याच्या हाताला दगड कधी लागलाच नाही, जाऊ दे त्याला उन्हात पडायला." बाबांनी माझ्या हातातून हातोडी काढून घेतली, त्याला चौपन्न वर्षं झाली. त्या गोष्टीकडे मला या पत्रात जायचं नाही. बघू.

इथला डोंगर खालपासून वरपर्यंत पायऱ्या-पायऱ्यांचा आहे. प्रत्येक पायरीला गडगा, वर बदामाची नाहीतर ऑलिव्हची झाडं. माणसं शहरात गेली, गडगे ढासळले. सहा वर्षांपूर्वी फिरायला गेलो असताना वाटेत पडलेला एक दगड मी उचलून परत बसवला. मुद्दाम नाही, हात आपोआप गेला. मागून आवाज आला, "तो तिथला नाही."

काठीवर हनुवटी टेकून एक म्हातारा बसला होता. विसेंत. आज त्र्याऐंशीचा आहे.

"मग कुठला?" मी विचारलं.

"तुला दिसत नसेल तर सांगून काय उपयोग?"

तासभर मी तो दगड इथे तिथे लावत होतो आणि तो बघत होता. शेवटी उठला. "काय करायचास?"

"पोस्टमन होतो."

"वाटलंच. फटीत सरकवतोयस. उद्या ये. हातमोजे आणू नकोस."

सहा वर्षं गेलो, नॉर्मन. संधिवाताने त्याच्या हातांची पार मोळी झालीय, कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण डोळा! मी दिवसभर खपून दोन मीटर लावावेत आणि संध्याकाळी त्याने येऊन म्हणावं, "पाड." का ते सांगायचं नाही. पाडून पुन्हा लावताना आपलं आपल्याला कळायचं. सांधेमोड चुकलेली असायची, म्हणजे सांध्यावर सांधा आलेला असायचा, किंवा गडग्याच्या पोटात भरलेल्या दगडाच्या बारीक चिपा सैल असायच्या. तो मला नावाने कधी हाक मारत नाही. पोस्टमन म्हणतो. बारमध्ये लोकांना सांगतो, "बाकीचे इंग्रज समुद्रावर मरायला येतात, आमचा दगडात मरायला आलाय."

गेल्या वर्षी, मी चौथ्या वर्षी घातलेल्या एका गडग्यापाशी तो थांबला. हात फिरवला. "पाड" न म्हणता पुढे गेला. त्या दिवशी मी घरी जाताना गात होतो. हेझेलला वाटलं, प्यायलोय.

आता मुख्य गोष्ट. गावाच्या वरच्या अंगाला, धुणं धुवायच्या जुन्या हौदाच्या डोक्यावर एक मोठा गडगा होता, अठरा मीटर लांब, तीन मीटर उंच. त्याच्या खाली तीन घरं. तो मागच्या डिसेंबरात कोसळला. नशिबाने माती हौदात गेली. ग्रामसभा भरली. सरपंच आंपारो, तिचं औषधांचं दुकानही आहे, म्हणाली की काँक्रीटची भिंत घालू. शेजारच्या तुकड्यावर एका ठेकेदाराने नुकतीच तशी घातली होती. विसेंत उठला. "काँक्रीट पाणी अडवतं. गडगा पाण्याला वाट देतो."

पाववाला शिमो म्हणाला, "हो, पण घालणार कोण, विसेंतकाका? तुमच्या हातात पावाचा तुकडा राहत नाही."

"माझे हात गेलेत, डोळे नाहीत. पोस्टमन घालेल."

जे हसू फुटलं, ते तुला ऐकू आलं असेल. शिमो म्हणाला, "इंग्रज गडगे घालायला लागले, आता मीच पत्रं वाटायला जातो!" आंपारो हसली नाही. तिने मला विचारलं, "विल्फ, तुम्हाला जमेल?"

उभा राहिलो आणि अकरा वर्षांची स्पॅनिश डोक्यातून उडाली. तोंडातून एवढंच आलं, "पडला तर मी हे गाव सोडून जाईन."

घरी आल्यावर हेझेलने विचारलं, "मला विचारलंस?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मग पडू देऊ नकोस. मला हे स्वयंपाकघर आवडतं."

जानेवारीत पाया खणला, ऑगस्टच्या शेवटी माथ्याचे दगड ठेवले. आठ महिने. दोन गडी दगड आणून द्यायला होते, पण प्रत्येक दगड बसवला मी. एकाहत्तर वर्षांच्या या हातांनी. मागच्या बाजूला हातभर रुंदीची चिपांची भर, पाणी झिरपायला. सुरुवातीला लोक गंमत बघायला यायचे. मे महिन्यानंतर शिमो सकाळी गरम पाव आणून ठेवायला लागला. ठेवायचा आणि जायचा.

ऑक्टोबर संपताना पाऊस आला. तुमच्याकडची भुरभुर नव्हे. इथे वर्षाचा पाऊस तीन दिवसांत पडतो, बादल्या ओतल्यासारखा. दुसऱ्या दिवशी दुपारी ठेकेदाराची काँक्रीटची भिंत अख्खी उताणी रस्त्यावर आली. नशिबाने तिच्याखाली कुणी आलं नाही. आंपारोने माझ्या गडग्याखालची तिन्ही घरं रिकामी करवली. बरोबरच केलं तिने. पण सामान उचलून निघालेल्या माणसांनी माझ्याकडे बघितलं, नॉर्मन, आणि मी मान खाली घातली. मी काही केलेलं नसताना. ती सवय जुनी आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी हेझेलने छत्री हातात दिली. "जा, बघून ये. घरात बसून तू गडगा धरून ठेवणार आहेस का?"

गेलो. आणि बघतो तर गडग्याच्या अगदी पायथ्याशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर, छत्री धरून विसेंत बसलेला.

"वेड लागलंय का तुम्हाला? उठा तिथून!" मी ओरडलो.

"तू घातलायस ना?"

"हो!"

"मग ओरडतोस कशाला?"

मी त्याला ओढायला गेलो, आणि गडगा पाहिला. सांध्यासांध्यातून पाणी येत होतं. गढूळ नाही, गाळून घ्यावं तसं स्वच्छ. एक दगड हललेला नव्हता. कुठे फुगवटा नाही. मी हात लावला. मग मी हौदाच्या काठावर बसलो.

विसेंत म्हणाला, "आता काय झालं? रडतोस?"

मी म्हटलं, "मी सतरा वर्षांचा असताना माझा गडगा पडला होता. नऊ गाभण मेंढ्या मेल्या."

"तुझा?" तो म्हणाला. "सहा वर्षं तुझा हात बघतोय मी. तू चुकतोस तेव्हा कसा चुकतोस, हे मला माहीत आहे. दगड फार जवळ लावतोस, घाबरट माणसासारखा. तसा गडगा वाकडा होतो, पडत नाही. त्याच्या पोटात काय निघालं होतं?"

"माती."

"तू माती भरलीस?"

आणि नॉर्मन, चौपन्न वर्षांनी, पावसात, परक्या भाषेत माझ्या तोंडून शब्द निघाले, "नाही. तो माझा नव्हता. माझ्या भावाचा होता."

शेवटी आलोच त्या गोष्टीकडे. त्रेसष्टच्या त्या भयंकर हिवाळ्यानंतर आपण दोघं मेंढवाड्याचा गडगा लावत होतो. फाटकापासून काटेरी झाडापर्यंत माझा, पुढचा तुझा, असं बाबांनी वाटून दिलं होतं. शनिवारी एडिथला नाचाला न्यायचं म्हणून तू मला म्हणालास, फाटकाकडचा भाग सपाट आहे, लवकर उरकेल, अदलाबदल करू. केली. तू अंधार पडायच्या आत उरकलास. चिपा वेचायला वेळ नव्हता, फावड्याने माती लोटलीस. मी पाहिलं होतं. पंधरा दिवसांनी पाऊस पडला आणि फाटकाकडचा भाग मेंढ्यांवर आला. बाबा आले. त्यांच्या लेखी तो माझा होता. ते माझ्याकडे वळले. मी तुझ्याकडे पाहिलं. तूही माझ्याकडे पाहिलंस. आणि मग बुटांकडे.

मी का बोललो नाही? बाबांनी शेत तुझ्या नावाने करायचं ठरवलं होतं, एडिथचे वडील त्याचीच वाट बघत होते. मला वाटलं, तू रात्री सांगशील. मग वाटलं, उद्या. मग मी पोस्टात लागलो. बाबा जाईपर्यंत मला गडग्याजवळ फिरकू देत नव्हते, आणि मी रोज सायकलवरून डाक घेऊन त्याच गडग्यांच्या कडेने जात होतो.

विसेंतने विचारलं, "तुला हे माहीत आहे, हे भावाला ठाऊक आहे का?"

आम्ही दोघं पाऊस थांबेपर्यंत तिथेच बसलो. अकराच्या सुमारास आंपारो आली, मागून ती तिन्ही घरची माणसं आली, शिमोही. कुणी भाषण केलं नाही. शिमोने गडग्यावर थाप मारली, मग माझ्या पाठीवर मारली, तीही तितक्याच जोराने. आणि विसेंत त्यांच्याकडे वळून म्हणाला, "बघताय काय? विल्फने घातलाय." पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्याने. उच्चार चुकीचा होता. मला दुरुस्त करावासा वाटला नाही.

गेल्या रविवारी आंपारोने तिथे एक दगड बसवायचं ठरवलं, साल आणि नाव कोरून. "पूर्ण नाव काय घालू?" तिने विचारलं. मी सांगितलं, फक्त मेटकाफ घाल. ते बाबांचंही आहे. तुझंही आहे. मला ते तिथे बघून अभिमान वाटतो, आणि तो वाटून घ्यायला मी आता तयार आहे.

तेव्हा समोरच्या घराचं उत्तर. नाही, आम्ही परत येणार नाही. तुझ्यावरच्या रागामुळे नाही. राग होता, पुष्कळ होता, पण तो मी त्या पावसात बोलून टाकला. इथे मला काम आहे. हौदाच्या पलीकडचा, काँक्रीट पडलं तो तुकडा, ग्रामसभेने एकमताने मला दिलाय. शिमोने हात सगळ्यात आधी वर केला. मार्चमध्ये सुरुवात.

हेझेलने पुढची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय. तिथे पायऱ्या नाहीत. विसेंत म्हणतो, गुडघे नसले तरी चालेल, बसून चिपा निवडणारा माणूस त्याला हवाच आहे. तो तुला बोलेल, तयारी ठेव.

फक्त येण्याआधी मला दोन ओळी लिही. पहिल्या ओळीत, तो गडगा कोणाचा होता ते. तुझ्या अक्षरात. बाबा नाहीत, एडिथ नाही, वाचणारा मी एकटाच आहे. दुसऱ्या ओळीत विमानाची वेळ. पहिली लिहिणं जमलं नाही, तर दुसरीही लिहू नकोस.

मी विमानतळावर लवकर येऊन उभा राहीन.

तुझा धाकटा भाऊ आणि बेनिरोकाचा गडगा घालणारा,
विल्फ