पांगून बसा

उमरगा. शुक्रवार, संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. आज कॉलेजच्या चर्चासत्रात मी धातूच्या पृष्ठभागावर चिकटणाऱ्या वायूच्या कणांवर बोलणार होते. ते कण एकमेकांना ओढतात, म्हणून थंड केलं की सारखे पसरत न्हाईत, बेटं करून बसतात आणि मधली जागा मोकळी राहते. माझं सगळं भाषण त्यावरच उभं होतं. विभागप्रमुखांनी सकाळी नेमकं तेच काढायला लावलं. "मॅडम, कणाला शेजाऱ्याचं काय पडलंय? लई अवघड करू नका."

शेजाऱ्याचं काय पडलंय म्हणे!

शाली-नारळांच्या सत्कारातच निम्मा वेळ गेला. समोर गणितवाले एका कोपऱ्यात, मराठीवाले दुसऱ्यात, मधल्या खुर्च्या रिकाम्या. फोटोच्या वेळी हेच विभागप्रमुख सर माइकवरून ओरडले, "पांगून बसा! हॉल भरलेला दिसला पाहिजे." लोक पांगले. फोटो निघाला, आणि सगळे पुन्हा आपापल्या घोळक्यात. मधल्या खुर्च्या पुन्हा रिकाम्या.

एवढं डोळ्यांसमोर घडूनही माणसाला कळू नये? पण सरांनी ते पाहिलं कुठं? फोटो निघाल्याबरोबर सगळ्यांत आधी तेच जाऊन संस्थाध्यक्षांना चिकटले होते.