गाड्या सगळ्यांच्या सारख्याच

१ मे २०२६, शुक्रवार. सकाळी ६.१०
कामगार दिनाची सुट्टी. ठरलं. यंदा राष्ट्रीय फॉर्म्युला चॅम्पियनशिप. बघायची नाही, चालवायची. तेहतिसाव्या वर्षी हे काय, म्हणून लोक हसतील. हसू देत.

विषय सोपा आहे. गाडीला छप्पर नाही, चारी चाकं बाहेर उघडी, सीट एकच. इंजिन सील केलेलं. इंजिन, टायर, पेट्रोल सगळ्यांना एकसारखं. एखाद्याच्या बापानं पैसा ओतून भारी गाडी आणली, हे चालतच नाही. म्हणजे फरक उरतो फक्त ड्रायव्हरचा. मग मला अडचण काय? कंपनीत लाईनवरून उतरलेल्या नव्या गाड्या यार्डात लावायचं काम मी आठ वर्षं करतोय. दिवसाला साठ. एवढ्या गाड्या कुठल्या रेसरनं हाताळल्यात? स्पीड लिमिट वीसची आहे, पण ती कंपनीची. माझी नाही.

१४ जूनला पडेगावच्या पुढं कार्टिंग ट्रॅकवर पुण्याच्या एका टीमची निवड चाचणी आहे. कार्ट म्हणजे जमिनीला घासून पळणारी छोटी गाडी, रेसिंगची बालवाडी. बारा जणांतून दोघं निवडणार. ते कोईमतूरला जाऊन खऱ्या फॉर्म्युला गाडीत बसणार. दुसरा कोण असेल ते माहीत नाही.

कारण कुणाला सांगणार नाही, इथं लिहितो. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बिडकीनला राहून जन्मभर शंकरपटात बैल पळवले. जिंकलेल्या बैलाच्या पाठीवर थाप मारताना त्यांना शंभरदा पाहिलंय. माझ्या पाठीवर ती थाप एकदाही पडली नाही. दहावी झालो, आयटीआय झालो, नोकरी लागली. नाहीच. मला ती पाहिजे.

३ मे
बायकोला, विशाखाला सांगितलं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणून प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट मागते. शंभरच्या पुढं गाडी कधी चालवलीस, असं विचारलं. मुद्दा तो नाही, म्हणालो. मग मुद्दा कोणता, म्हणाली. घरात पोषक वातावरण नाही.

५ मे. लंच ब्रेक
पॉइंट्सचा अभ्यास पूर्ण. पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असं करत दहाव्याला १. एका वीकेंडला प्रॅक्टिस, मग क्वालिफाइंग, मग तीन रेस. क्वालिफाइंगमध्ये ज्याचा लॅप सगळ्यात फास्ट, तो पुढं उभा राहणार. पण मधल्या रेसला पहिल्या आठांची रांग उलटी करतात. पहिल्या रेसमध्ये जो आठवा, तो दुसऱ्या रेसला सगळ्यात पुढं!

म्हणजे आठवं येण्यातच शहाणपण आहे. ही आयडिया अजून कुणाच्या डोक्यात आलेली दिसत नाही. हिशेब केला. सीझनअखेर माझे २१४ पॉइंट्स होतात. चॅम्पियन. सुपरवायझर पुंजारामकाकांनी कागद पाहिला आणि चौदा गाड्या लाईनवर उभ्या आहेत म्हणाले. या माणसाला दूरदृष्टी नाही.

९ मे
फॉर्म्युला गाडीत वळणावर मानेवर प्रचंड लोड येतो. मान तयार करणं आलं. मोटरसायकलच्या हेल्मेटला पाच किलो आट्याची पिशवी बांधून गच्चीवर बसलो. डावीकडं वीस, उजवीकडं वीस. उजवीकडं अकरा झाले.

११ मे
मानेला पट्टा. डॉक्टर म्हणाले महिनाभर. विशाखानं मानेचं नाही, आट्याचं विचारलं. आटा गच्चीवर सांडला होता.

१६ मे, शनिवार
ट्रॅकवर पहिली प्रॅक्टिस. पट्ट्यासकट. एक लॅप ५८ सेकंद. सोनिया नावाची सतरा वर्षांची मुलगी आहे, आठव्या वर्षापासून कार्ट चालवते. तिचा ४१. माझ्या कार्टचे टायर गेलेले होते, हे कुणीही सांगेल. मी तिथल्या मेकॅनिकला सांगितलंही. त्यानं कार्ट बदलून दिल्या. तिला माझी, मला तिची.

तिचा परत ४१. माझा ५९.

माझ्या कार्टचे टायर तोवर गरम झाले असणार. गरम टायर जास्त पकड धरतो. मी गरम करून दिले, तिनं वापरले. टीमवर्क म्हणून सोडून दिलं.

२१ मे
संध्याकाळी बिडकीनला गेलो. आबांना चॅम्पियनशिप समजावून सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न, गाडी कोणाची रं? पटात सगळे तेच विचारतात, जोडी कोणाची. बैल हाकणाऱ्याचं नाव कोण विचारतो? मी म्हणालो, गाडी टीमची, आणि सगळ्यांना एकसारखीच. आबांनी चंची काढली. मग म्हणाले, आसं आसंल तर लई अवघड हाय बाबा. मी म्हणालो, उलट सोपं आहे. त्यावर त्यांनी तंबाखू मळली.

चौदा तारखेला येतो म्हणाले. स्वतःहून! मोटरसायकलवर मुकुंदवाडीला घरी येताना गाणं म्हणत आलो. मान दुखत नव्हती.

३१ मे, रविवार
गाडी आणि ड्रायव्हर मिळून ठरलेलं वजन भरावं लागतं. ड्रायव्हर हलका असेल तर गाडीत शिसं बसवतात. माझं ८६. उतरवायचं ठरवलं होतं, पण अधिक महिना. सासूबाईंनी धोंड्याला बोलावलेलं. जावयानं नाही म्हणायचं नसतं, पाप लागतं. पुरण भरलेले धोंडे, वर तूप, त्यात आमरस. मी आठवर थांबत होतो. सासरे म्हणाले, आठावर कुटं थांबत्यात व्हय जावईबापू. अकरा.

विशाखानं संध्याकाळी काट्यावर उभं केलं. ८८.५. शिसं बसवायचा खर्च वाचला.

७ जून
विशाखानं झेंड्यांचं पुस्तक काढलं. टीमनं सगळ्यांना दिलंय. ट्रॅकवर ड्रायव्हरला बोलून सांगता येत नाही, म्हणून वळणावळणावर मार्शल उभे असतात आणि झेंडे दाखवतात. सुटायचं असतं ते दिव्यांवर. लाल दिवे विझले की सुटा. झेंडे नंतरचे. ती विचारायला लागली, निळा म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय. मी म्हणालो, हा कॉमन सेन्स आहे, वेळेवर कळतं. तिनं पुस्तक माझ्या उशीशेजारी ठेवलं.

१० जून
पुस्तक उशीशेजारीच आहे. चांगलं दिसतं.

१३ जून, शनिवार. संध्याकाळी ७
पट्टा काढला. हातमोजे यार्डातलेच. शिवराज, माझा यार्डातला जोडीदार, म्हणाला की तू नाही निवडला गेलास तर काय? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. यातच सगळं आलं.

१४ जून, रविवार. सकाळी ७
आबा पहाटेच आले. पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर नवा टॉवेल. पटाला जाताना घालायचे तसेच कपडे. माझ्यासाठी पहिल्यांदाच घातले. हेल्मेट दोनदा उलटं घातलं. उत्साहानं.

त्याच दिवशी, दुपारी ३
क्वालिफाइंगमध्ये बारावा. बारा जणांत. चिठ्ठी काढून कार्ट वाटल्या, सात नंबर आली, तिचं स्टेअरिंग जड. तरी रेस पंधरा लॅप्सची होती आणि मी शांत होतो.

पाचव्या लॅपला एक कार्ट टायरच्या भिंतीत घुसली. वळणावरच्या मार्शलनं पिवळा झेंडा काढला आणि जोरात हलवला.

लिहायला लाज वाटते. पण लहानपणापासून एकच पाहिलंय. झेंडी पडली की सुटायचं. पटात झेंडीचा दुसरा अर्थच नाही. झेंडा हलला आणि माझा पाय आपोआप पार खाली गेला. पुढचे दोघं एकदम हळू झाले. मला वाटलं, घाबरले. एका वळणात दोघांना मागं टाकलं. भिंतीतल्या पोराला बाहेर काढणारी माणसं उड्या मारून बाजूला झाली. मला वाटलं, कौतुक.

आणि आबा! आबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढून उभे होते, टॉवेल हवेत फिरवत होते, तोंडानं हुर्र्र करत होते. बैल पुढं निघाला की करतात तेच. सगळ्या ट्रॅकवर तेवढं एकच माणूस ओरडत होतं. इतका आनंद मला आजवर झालेला नाही. लग्नातही नाही.

पुढच्या लॅपला काळा झेंडा आणि पाटीवर ७. मला वाटलं, नंबर जाहीर करतायत. हात वर करून आभार मानले. त्याच्या पुढच्या लॅपलाही मानले. तिसऱ्या वेळी मार्शल कठड्यावरून वाकून ओरडला.

पिवळा म्हणजे पुढं धोका, हळू व्हा, कुणालाही मागं टाकायचं नाही. काळा आणि नंबर म्हणजे त्या नंबरानं बाहेर यायचं. मी बाद.

हे सगळं मार्शलनं मला नाही, आबांना समजावून सांगितलं. ते अजून खुर्चीवर होते. खाली उतरायला त्यांना हात द्यावा लागला.

१५ जून
पुस्तकाची छपाई बारीक आहे.

१६ जून
टीमला मेल केला. मुद्दे सात. स्टेअरिंग, टायर, मान, ऊन, अधिक महिना, छपाई, आणि स्थानिक परंपरांचा आयोजकांनी न केलेला विचार. बाद धरलं नसतं तर मी नववा होतो, हेही लिहिलं. नववा म्हणजे आठव्याच्या जवळच.

१७ जून
यादी लागली. सोनिया आणि सत्यम नावाचा एक पोरगा. सात नंबरची कार्ट नंतर सोनियानं सहज म्हणून चालवून पाहिली होती, असं शिवराजला कुठून तरी कळलं. त्यानं वेळही सांगितली. मी इथं लिहीत नाही.

१८ जून
टीमचं उत्तर आलं. सहभागाबद्दल धन्यवाद. एक ओळ. सात मुद्द्यांना एक ओळ.

यार्डात एक गाडी लावताना आरशाला खांब लागला. आठ वर्षांत पहिल्यांदा. पुंजारामकाका ओरडले नाहीत, घरी जा म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

२१ जून, रविवार
बिडकीनला गेलो. त्या दिवसापासून आबांचा फोन नव्हता. ओट्यावर बसून सगळं व्यवस्थित मांडलं. कार्टचं स्टेअरिंग, टायर, मान, धोंडे. आबांनी ऐकून घेतलं. माझं संपल्यावर म्हणाले, म्या बी आसंच सांगायचो. जोडी हारली की डावा बैल ढिला हाय म्हणायचो. तीन डावे बैल इकले. त्यातला एक दुसऱ्याच्या हाताखाली पुढल्याच साली पयला आला. तुझ्या आईला कधी सांगितलं नाय.

मग विचारलं, गाड्या समद्यांच्या सारख्याच व्हत्या ना रं?

हो म्हणालो.

मंग कमी कोण पडलं?

टोमणा असता तर मी भांडलो असतो. मला भांडता येतं. पण आबा खरंच विचारत होते. माझ्याकडं बघत होते, उत्तराची वाट बघत होते. स्टेअरिंग म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि निघालं, मी.

आबांनी मान हलवली. म्हणाले, व्हय. लई येळ लागला तुला. मला तर सत्तरी लागली.

पाठीवर हात ठेवला. थाप नव्हती ती. नुसता हात होता, आणि तो उठायला आधार म्हणून होता. उठले आणि आत जेवायला गेले.