सकाळच्या पाण्याची शिकवणी

६ ऑक्टोबर
आज राफ्ट दगडावर चढवली! पर्यटक नव्हते, गाईडचं काम शिकणारे आम्हीच होतो, म्हणून निभावलं. दिनेशदादा — आमचा मुख्य गाईड — ओरडला, "नदीवर जन्मलीस ना गो? मंग डोळं कुठं हायत?"

डोळे होते की! आमची वाडी कुंडलिकेच्या काठावरच. कपडे, मासे, खेकडे — सगळं दुपारी, पाणी उतरल्यावर. एकेक दगड मला पायाने माहीत. पण सकाळी वरून वीजघराचं पाणी सुटतं आणि दगड बुडतात. मी मात्र दुपारचीच नदी मनात धरून वल्हं मारत होते. बाहेरून आलेली पोरं असं चुकत नाहीत, ती नुसतं पाणी बघतात. फार राग आला स्वतःचा.

९ ऑक्टोबर
जेवताना बाबा म्हणाला, "दिवाळीपर्यंत राफ्ट हातात आली तं ऱ्हा. नायतं गुमान भट्टीवर चल."

वीटभट्टी. दरवर्षी दिवाळीनंतर जातो, विटा थापतो. माझी नववी तिथेच सुटली. परत वर्गात बसायची लाज वाटली, गेलेच नाही.

१० ऑक्टोबर
धाकटी बहीण जनी सातवीत आहे. तिच्याकडून राफ्टवर पाहुण्यांना द्यायचे इंग्रजी हुकूम घोकून घेतले — 'फॉरवर्ड', 'बॅकवर्ड', 'होल्ड ऑन'. चुकले की मास्तरणीसारखी डोळे वटारते!

१४ ऑक्टोबर
दगड विसरायला शिकतेय. पाणी जिथे फुगून उसळतं तिथे खाली दगड. गुळगुळीत पट्टा पुढे निमुळता होत गेला, की ती वाट. शाळेत चुकलं की सगळे हसायचे. इथे नाकात पाणी जातं, बस. मला हे बरं वाटतं.

१८ ऑक्टोबर
परीक्षा झाली. राफ्टमध्ये पाहुणे, दादा माझ्या शेजारी गप्प. आमचा खेकड्यांचा दगड आला तेव्हा हात आपोआप डावीकडे वळत होता. आवरला. पाण्याकडे बघितलं, उजवीकडून नेली.

खाली पोचल्यावर दादा म्हणाला, "उद्यापासून एकटीच ने."

रडले. सगळ्यांसमोर!

बाबा हात धुताना एवढंच म्हणाला, "बरं झालं." जनी मात्र वाडीभर सांगत सुटली.

४ नोव्हेंबर
भट्टीचा ट्रक आला. सामान मीच चढवलं. बाबा म्हणाला, "थापायला हात तं लागतीलच ना गो."

माझ्या जागी जनी चढली. शाळेचा ड्रेस अंगावर होता.